सांधेवाला

मॉन्ट्रियल, फेब्रुवारी, एकोणीसशे त्रेसष्ट.
खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ धरलेला.
टेबलावर चार पत्ते:
एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या,
तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळं.
समोर तेओफिल गोद्रो, वय सत्तावन्न,
कपाळामागची गाठ काढून अकरा आठवडे झालेले.

हातातला पत्ता यांतल्या कुणाशी जुळतो, तिथे ठेवा.
कशावरून, ते सांगायची मला मुभा नाही.
मी नुसती बरोबर म्हणेन, किंवा चूक.

तो रंग धरतो.
बरोबर. बरोबर. दहा वेळा बरोबर.
मग मी नियम बदलते, आवाज न करता,
भुवईसुद्धा न हलवता, शिकवलंय तसं.
लाल लालवर.
चूक.
लाल लालवर.
चूक.

हा खेळ फार फिरून आलाय आमच्या टेबलावर.
पहिल्या युद्धात, एका जर्मन इस्पितळात,
डोक्याला गोळी लागलेल्या शिपायांपुढे
लोकरीच्या लडी पसरत.
तांबड्या तेवढ्या वेगळ्या काढा.
एकजण म्हणाला म्हणे, तांबडं इथे काहीच नाही,
ही चेरी, ही भाजकी वीट, आणि हा तर माझ्या बहिणीचा मफलर.
ते खरंच होतं, पण उत्तर नव्हतं.
मग कुणी ठोकळे केले, बुडाशी निरर्थक शब्द लिहिलेले.
कुणी शाळेतल्या पोरांना पाण्याची तीन भांडी दिली
आणि पाहिलं, की लांबचा वळसा अंगवळणी पडला
की समोरची पायवाट दिसेनाशी होते
हुशार पोरांनासुद्धा.
विस्कॉन्सिनात आधी माकडं बसली या परीक्षेला, दाण्यासाठी.
गोद्रोला दाणा नाही.
त्याला माझा एक शब्द.

चाळिसाव्या पत्त्याला तो म्हणतो,
"हे चुकतंय. ठाऊक आहे मला."
आणि हात लाल पत्ता लालवरच ठेवतो.
तो त्या हाताकडे बघतो
शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे बघावं तसा.

कागदावर 'व्यवसाय' कोराच राहिलेला. मी विचारते.

"ट्रामवर. सांधेवाला.
सेंट-डेनी आणि माँ-रोयालचा चौक, सत्तावीस वर्षं.
मीठ टाकायचं, झाडूने बर्फ काढायचा,
कांब घालून जीभ फिरवायची, डावी, उजवी.
एकदा कांबीला ओठ लागला थंडीत, इथली कातडी तिथेच राहिली.
पण गाडी कधी
चुकीच्या रुळावर गेली नाही, मादमोआझेल लिझोत.
एकही."

मी लिहिते: सांधेवाला.
पेन्सिलीचं टोक जरा थांबतं.

"रूळ कुठे उखडले सगळे?
वरून डांबर ओतलं, झालं.
थंडीने डांबर फुटतं, रूळ वर येतात,
बसवाले शिव्या घालतात.
बायको म्हणते, मीही रस्ता ओलांडताना
अजून खाली बघतो."

एकशे अठ्ठावीस पत्ते संपले.
चिकटून राहिलेल्या चुका, रकाना चौथा: एक्क्याऐंशी.
डॉक्टर खूश होतील, आकडा स्वच्छ आहे.
गोद्रोने टोपी शोधली, ती त्याच्या गुडघ्यावरच होती.
दाराशी विचारलं,
"शेवटी होतं काय? आकार?"
मी म्हटलं, मला सांगता येत नाही.
"आकारच," तो म्हणाला.
"मध्येच कुठेतरी मला ऐकू आलं होतं, वळलं ते."

संध्याकाळची बस. कोपरे धुकटलेले.
सेंट-डेनी आणि माँ-रोयालला
चाकाखाली काहीतरी लोखंडी उचललं गेलं,
सबंध बस, पिशव्या, झोपलेला एक मुलगा, मी,
बोटभर वर, पुन्हा खाली.
चालकाने शिवी घातली.
बरोबर, मी म्हणाले, मोठ्याने,
आणि शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढली.